नदीच्या अलीकडे परवाना, पलीकडे गुन्हा

१ ऑक्टोबर २०१३, मध्यरात्र उलटून गेलेली. न्यू जर्सीत अटलांटिक सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी एक मोटार बाजूला घ्यायला लावली. कारण अगदी किरकोळ, लेन बदलताना झालेली चूक. गाडी चालवणारी बाई २७ वर्षांची, फिलाडेल्फियाची, दोन मुलांना एकटीने वाढवणारी. तपासणीसाठी रुग्णांचे रक्त काढणे हे तिचे काम. पोलिसाने कागदपत्रे मागितली. तिने ती दिलीच, शिवाय न विचारता सांगून टाकले की गाडीत आपले पिस्तूल आहे आणि ते बाळगायचा पेनसिल्व्हेनिया राज्याचा परवानाही आहे.

वर्षभरात दोनदा लुटली गेल्यावर तिने ते घेतले होते. .३८० कॅलिबरचे, बर्सा कंपनीचे, पर्समध्ये मावणारे. दुकानातून रीतसर खरेदी, पार्श्वभूमीची तपासणी, मग परवाना; तो हाती येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आधीचा कोणताही गुन्हा नावावर नाही. तिच्या समजुतीप्रमाणे ती कायदा पाळणारी नागरिक होती, आणि पोलिसाला आधीच सांगणे हे शहाणपणाचे होते.

न्यू जर्सीच्या लेखी मात्र तिने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला होता. बेकायदा पिस्तूल बाळगणे, दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा पाच ते दहा वर्षे. पिस्तुलात पोकळ टोकाच्या गोळ्या होत्या. त्यांच्यावरही न्यू जर्सीत निर्बंध आहेत, म्हणून त्याचे कलम वेगळे. जामिनाची सोय होईपर्यंत चाळीसहून अधिक दिवस ती तुरुंगात होती. पुढे तिचे नाव अमेरिकेतल्या सगळ्या वृत्तवाहिन्यांवर गाजले. इथे त्या नावाची गरज नाही. गरज आहे ती या प्रश्नाची, की इतक्या साध्या गोष्टीचा इतका मोठा गुन्हा झाला कसा, आणि ती सुटली ती नेमकी कशामुळे.

एकाच नदीचे दोन काठ

फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये डेलावेअर नदी आहे. बेन फ्रँकलिन पुलावरून गाडीने काही मिनिटांत पलीकडे कॅम्डेनला पोहोचता येते. हजारो लोक रोज कामासाठी ये-जा करतात, आणि राज्य बदलल्याचे बहुतेकांच्या मनातही येत नाही.

पेनसिल्व्हेनियात पिस्तूल कपड्याआड किंवा गाडीत बाळगायचे तर परवाना लागतो. तो काउंटीचा शेरीफ देतो, फिलाडेल्फिया शहरात पोलीस खाते देते. फी २० डॉलर, मुदत पाच वर्षे, आणि अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असे बंधन. बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे कोणी विचारत नाही. कायद्याने अपात्र नसाल तर परवाना द्यायचाच. बंदूकवाल्यांच्या बोलीत याला ‘शल इश्यू’ म्हणतात. खुद्द फिलाडेल्फियाला मात्र १९९५पर्यंत या सैल नियमातून वगळलेले होते. शहरातली हिंसा पाहता तिथे पोलिसांच्या हाती जास्त अधिकार असावेत, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

पलीकडच्या काठावर तेव्हा याच्या नेमके उलट होते. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच आधी पोलिसांची परवानगी लागते, तीही प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी. घराबाहेर बाळगायचे तर २०१३ साली ‘जस्टिफायेबल नीड’ सिद्ध करावी लागे, म्हणजे आपल्या जिवाला नेमका कोणापासून, कसा धोका आहे आणि तो दुसऱ्या कोणत्याही उपायाने का टळत नाही, हे दाखवावे लागे. आधी पोलीस प्रमुखाची मान्यता, मग न्यायाधीशाची. ‘आमच्या भागात चोऱ्या फार होतात’ एवढ्यावर कोणाला परवाना मिळत नसे. निवृत्त पोलीस आणि रोकड वाहून नेणारे सुरक्षारक्षक सोडले तर सामान्य माणसाच्या हाती तो कागद जवळजवळ पडतच नसे. दुसऱ्या राज्याचा परवाना तर न्यू जर्सी ओळखतच नाही, कोणत्याही राज्याचा नाही.

न्यू जर्सीची बाजूही पोकळ नाही. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जिथे सर्वांत कमी आहे अशा राज्यांत तिची गणना होते. गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुका तिथे बहुतांशी बाहेरच्या राज्यांतून येतात, आणि त्यात पेनसिल्व्हेनियाचा वाटा मोठा आहे. आपण दार लावून बसायचे आणि शेजाऱ्याने खिडकी उघडी ठेवायची, ही तिथल्या पोलिसांची जुनी तक्रार.

पण कडक परवाना ही एक गोष्ट आणि कडक शिक्षा ही दुसरी. या प्रकरणात घात केला तो दुसरीने. १९८१ साली न्यू जर्सीने ‘ग्रेव्हज अॅक्ट’ केला. बंदूक वापरून गुन्हा करणाऱ्याला न्यायाधीशाने दयामाया न दाखवता ठरावीक काळ तुरुंगात टाकावे, हा त्याचा हेतू, म्हणजे रोख होता तो दरोडेखोरांवर. २००८ मध्ये त्याच्या कक्षेत नुसते विनापरवाना बाळगणेही आले. ऑगस्ट २०१३ मध्ये, म्हणजे या बाईची गाडी अडवण्याच्या दोनच महिने आधी, किमान मुदत तीन वर्षांवरून साडेतीन वर्षे झाली. या मुदतीत पॅरोल नाही. बंदुकीचा वापर झाला की नाही, कोणाला इजा झाली की नाही, बाळगणाऱ्याला कायदा ठाऊक होता की नव्हता, यातल्या कशानेही आरोप हलका होत नाही. बंदूक आहे हे तिला माहीत होते ना? मग झाले.

संघराज्याचा कायदा कामी का आला नाही

अशा प्रवाशांसाठी अमेरिकी काँग्रेसने १९८६ साली एक तरतूद केली होती. ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अॅक्ट’ या कायद्यातले ते कलम सांगते की जिथे बंदूक कायदेशीर आहे अशा एका ठिकाणाहून तशाच दुसऱ्या ठिकाणी जाताना मधल्या राज्याने अडवू नये. अट अशी की बंदूक रिकामी असावी, आणि बंदूक व गोळ्या दोन्ही प्रवाशाच्या हाताशी नसाव्यात. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत हव्यात.

या बाईला हे कलम दोन्ही अंगांनी लागू नव्हते. तिचे पिस्तूल भरलेले आणि हाताशी होते. आणि ती न्यू जर्सीतून पलीकडे कुठे चाललेली नव्हती. ती न्यू जर्सीतच चालली होती. कलम फक्त आरपार जाणाऱ्यांसाठी आहे, मुक्कामाला येणाऱ्यांसाठी नाही.

आरपार जाणाऱ्यांनाही ते कितपत वाचवते, हे न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळावरच्या एका प्रकरणात दिसले. २००५ मध्ये यूटा राज्यातला एक प्रवासी पेनसिल्व्हेनियात अॅलनटाउनला चालला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामे, कुलूपबंद, चेक-इन केलेल्या सामानात, विमान कंपनीला तसे जाहीर केलेले. नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामानाचा घोळ झाला, आणि रात्री हॉटेलात उतरताना ती बॅग त्याच्या ताब्यात आली. सकाळी विमानतळावर त्याने पुन्हा प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केले आणि तिथेच त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने अटकेबद्दल दावा लावला तो मात्र २०१० मध्ये अपील न्यायालयात फसला. हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, त्यामुळे कलमाचे संरक्षण तुटले, असे न्यायालयाने धरले. यात न्यायाधीशांनाही फारसा आनंद नसावा. पण कलमातले शब्द तेच सांगत होते. बॅग हातात घ्यायचीच नव्हती, किंवा घेतल्यावर पोलिसांच्या स्वाधीन करायची होती! विमान चुकलेल्या माणसाला मध्यरात्री हे कोण सांगणार?

वकिलाची मर्जी, मग गव्हर्नरची

आता प्रकरणाचा गाभा. न्यू जर्सीत पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यांसाठी ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ नावाची वाट आहे. सगळे तिला पीटीआय म्हणतात. खटला थांबवायचा, आरोपीला काही काळ देखरेखीखाली ठेवायचे, आणि तो काळ नीट गेला तर आरोप रद्द. शिक्षा नाही, नावावर गुन्हाही नाही. ही वाट उघडायची किल्ली मात्र मुख्यतः सरकारी वकिलाकडे असते, विशेषतः आरोप दुसऱ्या श्रेणीचा असला तर.

अटलांटिक काउंटीचे सरकारी वकील जिम मॅक्लेन यांनी ती उघडली नाही. तिने गुन्हा कबूल करावा आणि साडेतीन वर्षे घ्यावीत, असा देकार पुढे आला. न्यायाधीशांनीही २०१४च्या उन्हाळ्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. कायद्याने वकिलाला दिलेला अधिकार आपण ओलांडू शकत नाही, अशी त्यांची भूमिका. खटला उभा राहिला असता तर ज्यूरीसमोर बचाव म्हणून ठेवण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. पिस्तूल तिचेच, न्यू जर्सीचा परवाना नाही, संपले. दोषी ठरली असती तर साडेतीन वर्षे मुलांपासून दूर, मग दवाखान्यातली नोकरी मिळणे अवघड, आणि संघराज्याच्या कायद्याप्रमाणे पुढे जन्मभर बंदूक बाळगायला मनाई.

याच वेळी याच काउंटीत, याच कचेरीसमोर दुसरे प्रकरण आले होते. अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू रे राइस याने फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला मारून बेशुद्ध केले होते. मे महिन्यात त्याला पीटीआय मिळाले. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आली आणि सगळ्या देशाने तो ठोसा पाहिला. लोकांनी दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली. बाईला मारणारा तुरुंगाबाहेर, आणि चोरट्यांच्या भीतीने पिस्तूल घेतलेली बाई साडेतीन वर्षे आत? बंदुकीच्या हक्कासाठी भांडणारे आणि बंदुकांना विरोध करणारे, दोघांनाही ही तुलना खुपली. असे सहसा घडत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस राज्याचे प्रभारी अॅटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकारी, जॉन जे हॉफमन यांनी सगळ्या सरकारी वकिलांना खुलासा पाठवला. दुसऱ्या राज्याचा रहिवासी, त्याच्या राज्यात वैध असलेली बंदूक, चुकून झालेला भंग, पोलिसांना आपणहून सांगणे, लोकांना धोका नसणे, अशा गोष्टी असतील तर बहुतेक वेळा तुरुंगवास योग्य नाही, असा त्याचा आशय. मॅक्लेन यांनी लगेच पीटीआयला संमती दिली. २ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली.

शेवट गोड, म्हणून अनेकांनी प्रकरण मिटले असे मानले. मला तसे वाटत नाही. ती सुटली ती कायद्यामुळे नव्हे. कलम तेच, किमान शिक्षा तीच. आधी एका अधिकाऱ्याने ‘नाही’ म्हटले, मग गाजावाजा झाला, मग त्याच अधिकाऱ्याने ‘हो’ म्हटले, आणि वर गव्हर्नरने मेहेरबानी केली. तेव्हा ख्रिस्तींच्या मनात अध्यक्षपदाची निवडणूक घोळत होती आणि रिपब्लिकन मतदारांत बंदूकवाल्यांचे वजन किती, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मला त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायची नाही. एवढेच म्हणायचे आहे की दूरचित्रवाणीवर न झळकलेल्या आरोपीला असा गव्हर्नर भेटत नाही.

हेही पहिलेच उदाहरण नव्हते. २००९ मध्ये कोलोरॅडोहून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवणाऱ्या एका तरुणाच्या डिकीत त्याची कायदेशीर पिस्तुले सापडली. घर बदलताना बंदूक नेण्याची सूट न्यू जर्सीच्या कायद्यातच आहे. पण न्यायाधीशांनी ती सूट ज्यूरीपुढे ठेवलीच नाही, आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिस्तींनीच शिक्षा कमी करून त्याला सोडले, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पिस्तुलांबाबतचा दोषारोप रद्द केला. तिथेही आधी मेहेरबानी, न्याय नंतर.

चीड कशाची, आणि किती खरी

अमेरिकेतल्या परवानाधारकांशी या विषयावर बोलले की पहिले वाक्य ठरलेले असते: माझे ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालते, लग्नाचा दाखला चालतो, मग हा परवाना का नाही?

ऐकायला बिनतोड वाटते. पण ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालते कारण सगळी राज्ये साधारण सारखीच परीक्षा घेतात, आणि गाडी चालवताना नियम पाळायचे ते तुम्ही असाल त्या राज्याचे. पिस्तुलाच्या परवान्यात ती समानता नाही. एका राज्यात वर्गातले तास आणि गोळीबाराची परीक्षा, दुसऱ्यात फक्त अर्ज. आणि २०२४पर्यंत २९ राज्ये अशी झाली की तिथे बहुतेक प्रौढांना परवानाच लागत नाही. व्हर्माँटमध्ये तो कधीच नव्हता. अलास्काने २००३ मध्ये अट काढली, टेक्सासने २०२१ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये. ज्या राज्यात कागदच नाही त्याचा कोणता कागद न्यू जर्सीने मान्य करायचा? हा युक्तिवाद बंदूकवाले घाईने मांडतात आणि उत्तर देताना अडखळतात.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि ती अनिश्चिततेची आहे. कोणत्या राज्यात आपला परवाना चालतो याची यादी पेनसिल्व्हेनियात अॅटर्नी जनरल ठेवतात. या बाईनेही ती पाहायला हवी होती, हे कबूल. पण यादी राजकारणाने हलते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या अॅटर्नी जनरल कॅथलीन केन यांनी फ्लोरिडाशी असलेला करार बदलला. फिलाडेल्फियात परवाना नाकारलेले लोक टपालाने फ्लोरिडाचा अनिवासी परवाना मागवून घेत होते, ती पळवाट त्यांनी बंद केली. त्यात चुकीचे काही नव्हते, पण कालपर्यंत कायदेशीर असलेले लोक एका सहीने गुन्हेगारीच्या रेषेपलीकडे गेले. व्हर्जिनियात याहून नाट्य घडले. डिसेंबर २०१५ मध्ये तिथले अॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी २५ राज्यांचे परवाने यापुढे मान्य नाहीत असे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी विधिमंडळातल्या रिपब्लिकनांशी तडजोड करून तो निर्णय फिरवला. पाच-सहा आठवड्यांत ही उलटापालट. ट्रकचालक, फिरतीचे विक्रेते, सीमेवरच्या गावातले लोक यांनी रोज सकाळी यादी बघायची की काय?

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. गाडी अडवल्यावर बंदूक असल्याचे पोलिसाला आपणहून सांगायचे की विचारल्यावर, हेही राज्याराज्यांत वेगळे आहे. काही ठिकाणी लगेच सांगणे बंधनकारक, न सांगणे हाच गुन्हा. काही ठिकाणी विचारल्याशिवाय बोलायची गरज नाही. या बाईने सांगितले आणि ती तुरुंगात गेली. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या परवानाधारक कृष्णवर्णीय माणसाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला शांतपणे सांगितले की आपल्याकडे बंदूक आहे, आणि काही सेकंदांत त्याच पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पोलिसावर खटला झाला, ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. अशा बातम्यांतून लोक एकच धडा घेतात, की तोंड उघडू नका. परवाना पद्धतीचा उद्देश नेमका याच्या उलट आहे. कोणाकडे बंदूक आहे हे पोलिसाला उघडपणे कळावे, म्हणून तर परवाना.

ही बाईही कृष्णवर्णीय होती, हे इथे सांगायलाच हवे. अमेरिकेत बंदूकहक्काची चळवळ म्हटले की गोरा ग्रामीण पुरुष डोळ्यांपुढे येतो. पण महामार्गावर अडवले जाण्याचा, झडती होण्याचा, आणि मग किमान शिक्षेच्या चरकात सापडण्याचा फटका शहरी कृष्णवर्णीयांना जास्त बसतो. न्यू यॉर्कच्या परवाना कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा चालला तेव्हा गरिबांचे खटले लढणाऱ्या तिथल्या कृष्णवर्णीय सरकारी बचाववकिलांच्या संघटनेने त्या कायद्याविरुद्ध निवेदन दिले होते. पक्षीय चौकटीत न बसणारी ही बाजू फार कमी वाचली गेली.

आणि विलंबाचे एक प्रकरण. न्यू जर्सीत बर्लिन टाउनशिपमधल्या एका केशरचनाकार स्त्रीने धमक्या देणाऱ्या पूर्वीच्या प्रियकराविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला होता आणि एप्रिल २०१५ मध्ये पिस्तूल खरेदीच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली, परवानगी आली नाही, आणि ३ जूनला त्या माणसाने तिला घरासमोर भोसकून मारले. पिस्तूल असते तर ती वाचली असती का, कोणी सांगू शकत नाही. पण तीस दिवसांचा नियम अर्जदाराने मोडला असता तर त्याला शिक्षा झाली असती. कचेरीने मोडला तर कोणालाच नाही. बंदूकवाल्यांच्या रागाची खरी जागा इथे आहे.

आपल्याकडे या रागाचे रूप वेगळे आहे. भारतात १९५९चा शस्त्र कायदा सगळ्या देशाला एकच, पण परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालेल हे लिहिलेले असते आणि राज्याबाहेर न्यायचे तर वेगळी मंजुरी. म्हणजे सीमा भारतातही आहे, फक्त ती कागदावर छापलेली असते. न्यू जर्सीत एडिसन, पार्सिपनी भागात राहणाऱ्या आणि कामासाठी पेनसिल्व्हेनियात जाणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. नेमबाजीच्या रेंजवर मित्राच्या आग्रहाने हातात घेतलेली बंदूकही या मनाईत येऊ शकते, आणि तिथे प्रश्न नुसत्या शिक्षेचा नसतो, व्हिसाचा असतो.

२०२२ नंतर

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या खटल्यात, ब्रूएन नावाने तो ओळखला जातो, सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. विशेष कारण दाखवल्याशिवाय परवाना नाही, ही अट घटनाबाह्य ठरली. न्यू जर्सीची ‘जस्टिफायेबल नीड’ त्यासोबत गेली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यात बाळगण्याच्या परवान्याची फी ५० वरून २०० डॉलर, नातेवाईक नसलेल्या चौघांचे दाखले, प्रशिक्षण, आणि कुठे कुठे बंदूक नेता येणार नाही याची लांब यादी आली. त्यातल्या बऱ्याच कलमांवर न्यायालयात भांडण सुरू झाले.

आमच्या प्रकरणापुरता फरक असा. पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सी आजही मानत नाही. पण पेनसिल्व्हेनियाचा माणूस आता न्यू जर्सीच्या स्टेट पोलिसांकडे अर्ज करून तिथला परवाना मिळवू शकतो. पूर्वी ते जवळपास अशक्य होते. मुदत दोन वर्षे. म्हणजे २० डॉलरचा एक कागद आणि २०० डॉलरचा दुसरा, आणि डेलावेअर, मेरीलँड, न्यू यॉर्कला जाणे असेल तर तिथले नियम वेगळे तपासायचे. मॅसॅच्युसेट्समध्येही हाच वाद न्यू हॅम्पशरच्या रहिवाशांवरून झाला. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परराज्यातल्यांसाठीचा जुना, अधिकाऱ्याच्या मर्जीवरचा परवाना कायदा घटनाबाह्य ठरवला, पण परराज्यातल्यांनी आमचा परवाना घ्यावा ही मागणी मात्र वैध मानली.

दोन उपाय, एक दुर्लक्षित

बंदूकवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे सगळ्या राज्यांवर एकमेकांचे परवाने लादणारा राष्ट्रीय कायदा. सिनेटमध्ये २००९ साली त्याला ५८ विरुद्ध ३९ मते मिळाली, २०१३ साली ५७ विरुद्ध ४३. लागत होती ६०. डिसेंबर २०१७ मध्ये कनिष्ठ सभागृहाने तो २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केला आणि सिनेटमध्ये तो पडून राहिला. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे रिचर्ड हडसन यांनी तो पुन्हा मांडला. माझे मत विरोधात आहे. यामुळे सर्वांत सैल राज्याचा नियम सगळ्या देशाचा नियम होतो. कॅम्डेनमध्ये काय चालावे हे तिथल्या मतदारांनी ठरवावे; तिथल्या रस्त्यांवर मरतात ती त्यांची मुले.

याहून साधा उपाय इलिनॉयने आधीच करून दाखवला आहे, आणि त्याची चर्चा कोणीच करत नाही. इलिनॉय हे बंदुकांबाबत सैल राज्य मुळीच नव्हे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगू देणारे ते देशातले शेवटचे राज्य, तेही न्यायालयाने भाग पाडल्यावर, जुलै २०१३ मध्ये. बाहेरच्या राज्यांचे परवाने तिथेही मान्य नाहीत. पण त्याच कायद्यात एक पोटकलम आहे. आपल्या राज्यात बाळगण्याचा अधिकार असलेला परराज्यातला माणूस इलिनॉयमध्ये आला तर पिस्तूल गाडीत ठेवू शकतो, गाडी सोडताना कुलूप लावून आत ठेवले म्हणजे झाले. रस्त्यावर उतरून खिशात घालून फिरायचे तर इलिनॉयचा परवाना हवा.

ही बाई अटलांटिक सिटीऐवजी शिकागोला चालली असती आणि पोलिसाने अशीच अडवली असती, तर तिला लेन चुकल्याची पावती मिळाली असती आणि ती पुढे गेली असती. न्यू जर्सीने आपला कडकपणा जराही न सोडता हे पोटकलम घेतले असते तर हे प्रकरण उभेच राहिले नसते. किमान शिक्षेच्या कायद्यात ‘चुकून’ आणि ‘जाणूनबुजून’ यांत फरक करणारी एक ओळ घातली असती तरी भागले असते. विधिमंडळाने यातले काही केलेले नाही. सरकारी वकिलांकडे आहे तो २०१४चा खुलासा, आणि तो अॅटर्नी जनरलच्या कचेरीची सूचना आहे, कायदा नव्हे.

शिवाय तो परराज्यातून आलेल्यांपुरताच आहे. कॅम्डेनमध्येच राहणारी, रीतसर परवानगी काढून पिस्तूल विकत घेतलेली, दोनदा लुटली गेलेली आणि भीतीने ते पर्समध्ये टाकून निघालेली बाई उद्या सापडली, तर ती त्या सूचनेत बसत नाही. तिला ग्रेव्हज अॅक्टमधली, किमान शिक्षेतून सूट देणारी जुनी सवलत मागावी लागेल, आणि ती मागण्यासाठी आधी सरकारी वकिलाचेच मन वळवावे लागेल.